कचेरीतलं लांबलेलं स्वागतगीत

भाषणाला बोलावलं आणि मी गेलो नाही, असं आजवर घडलेलं नाही. त्यातून या वेळचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा होता: निजामाच्या काळातल्या जुन्या तहसील कचेरीचं लोककला केंद्र होणार होतं. जिथे शेतसारा भरायला माणसं हात जोडून उभी राहिली, तिथे आता ढोलकी वाजणार! तासाभराचं भाषण डोक्यात तयार करून मी सकाळीच नांदेडच्या स्टँडवर लातूरची एसटी पकडली. गावाचं नाव सांगत नाही. निलंग्याच्या पुढे सीमेकडे जाल तर तुमचं तुम्हालाच ओळखू येईल.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, लोह्यापर्यंत रस्ता बरा आहे, नंतर खड्डे चुकवण्यात ड्रायव्हरची कला दिसते. अहमदपूरच्या स्टँडसमोर नाश्त्याला फोडणीची सुशीला खाल्ली. कुरमुऱ्यांना इतकी चव देणारा प्रांत गरीब कसा, हा प्रश्न मला तिथे दरवेळी पडतो. प्लेट कागदाची होती, कारण धुवायला पाणी नाही. ग्लासात अर्धंच पाणी आलं. "अजून लागलं तर मागा, वतून टाकू नका," मालकाने बजावलं. चहापेक्षा पाण्याची बाटली महाग होती.

पुढे रस्त्याला टँकरची सोबत. प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी रंगीत घागरींची रांग आणि घागरीमागे बाई. मधूनच उसाचं हिरवंगार रान लागायचं. उसाला रांगेत उभं राहावं लागत नाही. लातूरला गाडी बदलली. त्या शहरात तेव्हा रेल्वेने पाणी येत होतं, आणि लोक गाडीला हार घालून आले होते. आमच्याकडे सत्कारातून कुणी सुटत नाही, इंजिनसुद्धा नाही.

गावात उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. कचेरी खरोखर देखणी. दगडी कमानी, सागवानी तुळया, उंच जोतं. डागडुजीही मनापासून केलेली. फक्त मोठ्या दालनाला भलंमोठं कुलूप होतं आणि समारंभाचा मांडव बाहेर अंगणात.

"आत का नाही?" मी विचारलं.

समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, तुम्ही जाणते. उद्या आपला जिल्हा झाला तर कलेक्टर कुठं बसतील? दालन त्यांच्यासाठी राखून ठेवलंय. तुळईला खिळासुद्धा मारू दिला नाही."

"मग कलाकार?"

"त्यांचं बघू की, जिल्हा झाल्यावर."

मराठवाड्यात ज्या गावाला बसस्टँड आणि दोन कॉलेजं आहेत, त्या प्रत्येकाला जिल्हा व्हायचंय. डागडुजीचं भूमिपूजन झालं होतं, रंगकामाचा शुभारंभ झाला होता, आज लोकार्पण. लोकांना आत तेवढं सोडलं नव्हतं.

ओट्यावर द्रौपदाबाई कांबळे बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पांढरं लुगडं, आवाज खणखणीत. त्यांची पोरींची गायनपार्टी आहे, जयंतीला गावोगाव जाते. "जयभीम सर. नांदेडचे ना? तुमची कॅसेट ऐकलीया. लई लांब बोलता."

सराव कुठे करता, असं विचारलं तर हसल्या. "समाजमंदिरात पाण्याच्या टाक्या भरून ठेवल्यात. पोरी दिवसभर टँकरपाशी. मोकळ्या होतात तवा अंधार पडतो. उघड्यावर आईबाप कशाला धाडतील? दोघी बसल्याच घरी. यंदा छप्पर न्हाई मिळालं तर पार्टी मोडली म्हणून समजा." मग कुलपाकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, "आन् ह्ये कलेक्टरची वाट बघून राहिले."

कार्यक्रमपत्रिकेत कलेच्या वाट्याला एकच गोष्ट होती, स्वागतगीत. ते द्रौपदाबाईंकडे. त्यानंतर सत्कार, सत्कारमूर्तींचा सत्कार, आणि मी.

आपल्याकडच्या स्वागतगीताचा एक अलिखित नियम आहे. त्यात प्रत्येक पाहुण्याचं नाव येतं आणि आपलं नाव येईपर्यंत कुणी उठत नाही. द्रौपदाबाईंना हा नियम मंचावरच्या सगळ्यांपेक्षा चांगला ठाऊक होता.

ढोलकी घुमली. "पाहुणं आलं गं कचेरीला, पानी न्हाई गं घागरीला!" अंगणात हशा पिकला. एका पाहुण्याचं नाव, मग टँकरवर कडवं. दुसऱ्याचं नाव, मग उसावर. मंचावर प्रत्येकजण नाव येण्याआधी अस्वस्थ आणि नाव आल्यावर हसतमुख. भाऊंचं नाव मात्र येईना. त्यांनी घड्याळ पाहिलं, पण गाणं थांबवावं तर आपलंच नाव राहणार! माझं नाव आलं तेव्हा मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू.

शेवटी बाई भाऊंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष आमचे मनाचे राजे,
उघडून देतात बंद दरवाजे,
किल्ली ठेवतात लेकींच्या हाती..."

आणि तिथेच थांबल्या. मागच्या पोरींनी तीच ओळ धरली. किल्ली ठेवतात लेकींच्या हाती. पुन्हा. पुन्हा. भाऊ टाळ्या वाजवत राहिले, ओळ काही पुढे सरकेना. मग मांडवात रिकाम्या घागरी टेकवून बसलेल्या बायांनी ती उचलली. "भाऊ, द्या की आता, टँकर यायचाय!" कुणीतरी ओरडलं. भाऊंचा हात खिशात गेला. किल्ली बाईंच्या तळहातावर पडली आणि तेव्हा कुठे कडवं पुरं झालं:

"गाव गाईल त्यांची ख्याती!"

टाळ्या थांबल्यावर भाऊ वाकून पुटपुटले, "बाई, फोटोपुरती दिलीया हां."

"भाऊ," द्रौपदाबाई म्हणाल्या, "गाण्यात दिलेलं माघारी घ्यायला दुसरं गाणं लागतंय. म्हणता का?"

माईक त्यांनी भाऊंच्या तोंडाशी धरला होता. भाऊंनी घसा खाकरला, समोरची माणसं पाहिली आणि म्हणाले, "चालू द्या."

टँकरचा हॉर्न वाजला, मांडव रिकामा झाला. माझं भाषण झालंच नाही. रात्री पिठलं-भाकरी जेवताना मला त्याचा राग येत होता, हेही लिहून ठेवतो. संस्कृतीवर मी इतकी वर्षं बोललो, पण एकही कुलूप उघडल्याचं आठवत नाही.

जायचं असेल तर मुक्काम लातूरला करा, सोबत पाणी न्या, कचेरी संध्याकाळी पाहा. जिल्ह्याच्या मागणीवर मीही अनेकदा सही केलीय. आता मनातून वाटतं, सरकारने घाई करू नये.

घरी आल्यावर चार-सहा दिवसांनी द्रौपदाबाईंना फोन केला. दालन उघडं आहे का, घरी बसलेल्या पोरी परत आल्या का, आणि माझं ते भाषण आता एखाद्या संध्याकाळी ठेवता येईल का, एवढं विचारायचं होतं.

पलीकडे ढोलकी चालू होती. "दोघी बी आल्या," द्रौपदाबाई ओरडून म्हणाल्या. "भाषणाचं मग बघू सर, पोरी गाऊन राहिल्या." आणि फोन ठेवला.