पारोळ्याच्या चहानंतर

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. एकदोनदा जेवताना तोंडापर्यंत आलं होतं, घासाबरोबर गिळलं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. हे कारणही काही मोठं धीराचं नाही, मला ठाऊक आहे.

आधी माझा धंदा सांगतो. जळगावात परिवहन कार्यालयासमोर झाडाखाली माझं टेबल आहे. लायसन्सचे फॉर्म भरायचे, मुदत संपली की नूतनीकरणाला लावायचं, हेच काम. कुणी बिनालायसन्सचा सापडला की घाबराघुबरा माझ्याकडे येतो आणि मी त्याला झापतो. ‘दंडाचं सोड रे बाबा, आत जायची पाळी येईल. अपघात झाला तर विमावाले हात वर करतील, मग बस बोंबलत.’ हे भाषण मला झोपेतही येतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पण म्हण लावली की गंमत वाटते, आणि यात गंमत नाही.

लीलाधर माझा असोद्याच्या शाळेतला सोबती. केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. गाडी अशी चालवायचा की दिल्लीला पोचेपर्यंत घडाला डाग नसायचा, आणि तो हे सगळ्यांना सांगायचाही. त्याच्या लायसन्सची तारीख त्याच्यापेक्षा मला जास्त पाठ. पाच वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर त्याचं नवं कार्ड मी करून घेतलं होतं. त्याला द्यायचं म्हणून माझ्या पिशवीत पडलेलं होतं. माझं स्वतःचं संपून चार महिने झाले होते. घरचंच काम, करू की कधीतरी.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो. लीलाधरची बहीण धुळ्याला दिलेली. आदल्याच दिवशी तो लांबच्या खेपेवरून आला होता, डोळे तांबारलेले, पण बहिणीला आणायला दुसरा कोण जाणार? माझी कार घेऊन आम्ही दोघं सकाळी निघालो. पारोळ्यापर्यंत त्यानं चालवली. पारोळ्याला चहा प्यालो. आणि मग —

इथं आलो की मी थांबतो. पाच वर्षं इथंच थांबतोय.

चहा झाल्यावर मी म्हणालो, सरक, तू डोळे मीट, आता मी चालवतो. त्यानं किल्ली दिली. लायसन्सचं विचारलंसुद्धा नाही. माझ्याकडे नसेल असं कुणाच्या मनात तरी येईल का?

धुळ्याच्या अलीकडे एका फाट्याजवळ ट्रॅक्टर पुढे होता. त्याला ओलांडायची मला घाई झाली. कसली घाई? कसलीच नाही. रस्त्याच्या कडेनं एक म्हातारी चालली होती, डोक्यावर नवी कोरी घागर — आखाजीला पितरांच्या नावानं पुजतात ती. मी तिला मागून धडक दिली आणि गाडी निंबावर जाऊन आदळली. झोपेतल्या लीलाधरचं डोकं समोर आपटलं. पट्टा लावलेला नव्हता. मला मात्र साधं खरचटलंही नाही.

मी धावत जाऊन म्हातारीला उचललं, सावलीत नेलं, पाणी पाजलं. हे खरं आहे. माझ्याबद्दल त्या दिवसातलं एवढंच खरं आहे. लोकांनी लीलाधरला बाहेर काढलं. पोलीस आले तोवर गाडी रिकामी होती.

‘कोण चालवत होतं?’

खटला, विमा, सगळं डोक्यात आलं. पण सगळ्यात आधी काय आलं सांगू? माझं टेबल. समोर उभी असलेली माणसं, आणि त्यांचं हसू — दुसऱ्यांची लायसन्सं काढणारा स्वतःच बिनालायसन्सचा. त्या हसण्याला मी भ्यालो. मी हात वर केला आणि रुग्णवाहिकेत चढवत असलेल्या लीलाधरकडे बोट दाखवलं. मग पिशवीतून त्याचं कार्ड काढून दिलं. वैध, नवंकोरं, मीच करून घेतलेलं.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. मला म्हणाला, ‘‘मले चहापर्यंत आठोतं. पुढचं काहीच नही.’’ आणि माझ्याकडे बघत राहिला.

तेव्हा सांगता आलं असतं. निदान गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, तुला डुलकी लागली असेल. ही डुलकी माझ्याकडे कुणी मागितली नव्हती. ती मी माझ्या पदरची घातली.

‘‘तू म्हनतो त तसंच असीन,’’ तो म्हणाला.

कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. दिवसभर तो बाकावर हात बांधून बसला, शाळेत बसवल्यासारखा. मी बाहेरून त्याला पाण्याची बाटली आणून दिली. त्यानं माझे आभार मानले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं ट्रकची किल्ली मालकाला परत केली. कुणी मागितली नव्हती. आता तो केळीच्या शेडमध्ये घड धुतो.

म्हातारीला विम्याची भरपाई मिळाली, म्हणजे तिचं तरी भलं झालं, असं मी मनाला सांगून पाहिलं. पण माझा धंदाच तो. खरं सांगितलं असतं तरी तिला मिळाली असती, फक्त नंतर माझ्याकडून वसूल झाली असती.

दर आखाजीला लीलाधर नवी घागर घेतो, मांडीवर धरून एसटीनं त्या म्हातारीच्या, अक्कांच्या, घरी नेतो. सोबत मला घेऊन जातो. अक्कांचा पाय वाकडा जुळलाय, काठीशिवाय उठता येत नाही. त्या मला खाटेवर बसवतात. लीलाधर आपण होऊन खाली बसतो. आल्यागेल्याला अक्का माझ्याकडे हात करून सांगतात, ‘‘हाऊ भाऊ व्हता म्हणीसन मी वाचनू.’’ मग पहिला आंबा माझ्या हातात देतात. मी तो खातो. पाचही वर्षं खाल्ला.

यंदा आखाजी झाल्यावर लीलाधर माझ्या टेबलाशी आला. कार्डाची मुदत भरत आली होती. ते त्यानं माझ्यासमोर ठेवलं. मला वाटलं नूतनीकरणाला आणलंय, मी फॉर्म पुढे ओढला.

‘‘नको भरू,’’ तो म्हणाला. ‘‘मले आता स्वतःचा भरोसा वाटत नही.’’

माझं लायसन्स मी त्या अपघातानंतर आठवड्याभरात करून घेतलं होतं. ते अजून चालू आहे. लीलाधरच्या मागे तीन माणसं रांगेत उभी होती. मी त्याचं कार्ड उचललं, पिशवीत टाकलं आणि मागच्या माणसाला विचारलं, ‘‘बोला, तुमचं कधी संपलं?’’