नाहीच्या सात खुणा

जिममधल्या मास्तरांच्या तोंडी दिवसभर दोनच वाक्यं असायची. "अजून एक" आणि "मी बघतो ना." पहिलं वजन उचलणाऱ्यासाठी, दुसरं बाकी सगळ्या शंकांसाठी. गुडघा कुरकुरतो? मी बघतो ना. पाठ धरते? मी बघतो ना. वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून हजारेक माणसं गेली आणि कुणाचं काही वाईट झालं नाही. आता हे नशीब म्हणायचं की विद्या, याचा विचार माणूस करतो कुठे? सरळ विद्या म्हणून मोकळा होतो.

नवीन माणूस आला की तिथे एक आरोग्यपत्रक भरून घ्यायचं असे. सात प्रश्न, प्रत्येकापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. छातीत दुखतं का, चक्कर येते का, रोजचं औषध चालू आहे का, वगैरे. एक जरी 'हो' आलं तरी डॉक्टरची चिठ्ठी आणेपर्यंत आत प्रवेश नाही. आणि चिठ्ठी आणायला गेलेला माणूस परत येतो होय? तो घरी जाऊन झोपतो. म्हणून तिथले सगळेच मास्तर पत्रक स्वतः भरत. सातही 'नाही', आणि खाली समोरच्याची सही. मालकाला माहीत होतं. मालकाला सगळंच माहीत असायचं, फक्त विचारलं की काही माहीत नसायचं.

शिलाईवाल्या काकू आल्या तेव्हाही तेच झालं. साठीच्या जवळच्या, आयुष्यभर मशीनवर वाकून खांदे पुढे आलेले. त्यांनी तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"मला बीपीची गोळी आहे हो, मास्तर. सकाळची एक."

"ते लिहू नका, काकू. उगाच आठवडा जाईल. मी बघतो ना."

आणि मास्तरांनी सात खुणा केल्या, त्यांच्या नेहमीच्या झटक्यात, शेपूट लांब वर गेलेल्या. काकूंनी चष्मा शोधत सही केली.

तिसऱ्या आठवड्यात डोक्यावर वजन ढकलताना काकू श्वास रोखून लालबुंद झाल्या होत्या. मास्तर म्हणाले, "अजून एक." काकूंनी ते एक केलं. मग त्या बाकावर बसल्या, काहीतरी बोलायला गेल्या आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

जीव वाचला. पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. बोललेलं सगळं कळायचं, तोंडातून मात्र एक शब्द फुटत नव्हता, आणि डाव्या हाताने लिहायला गेल्या तर नुसत्या रेघोट्या उमटायच्या.

नेमक्या त्याच वर्षी प्रशिक्षकांना नोंदणी सक्तीची झाली होती. अपघातांच्या बातम्या आल्या, ओरड झाली, नोंदणीसाठी मंडळ बसलं. नोंदणीचा नंबर नाही त्याला काम नाही. मंडळाने काकूंचा कागद मागवला. मालकाने मास्तरांना ऑफिसात बसवून दार लावून घेतलं.

"सही बाईंची आहे. त्यांनी आजार लपवला, विषय संपला. तू फक्त गप्प बसायचं."

मास्तर गप्प बसले. घरी दोन मुली शिकत होत्या आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय येत होतं त्यांना? मंडळाने शेरा मारला, 'ग्राहकाने माहिती दडवली'. मास्तरांना नंबर मिळाला.

पण खाई त्याला खवखवे. आठवड्याभरात ते काकूंच्या घरी जाऊन उभे राहिले. म्हणाले, रोज सकाळी तासभर येतो, हात हलवून घेतो. मुलाने त्यांचे हातच धरले.

"सर, तुमच्यावर बालंट येता येता राहिलं आणि तरी तुम्ही येताय." मग आईकडे वळून तो म्हणाला, "बघ. आणि तू या माणसाशी खोटं बोललीस. का लपवलंस, आई? दोन अक्षरं लिहायला काय झालं होतं?"

काकू मास्तरांकडे बघत राहिल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मास्तरांनी बॅग खाली ठेवली आणि काकूंच्या मनगटाचा व्यायाम सुरू केला.

हे रोजचं झालं. मुलगा आईची वेणी घालायचा, तिला भरवायचा आणि प्रत्येक घासागणिक तिला ऐकवायचा. वाईट नव्हता तो, दमला होता. काकू ऐकायच्या आणि डाव्या हाताने डोळे पुसायच्या.

आणि उजवा हात सुधारत होता! आधी अंगठा हलला, मग दोन बोटं मिटू लागली. पेन्सिल निसटायची म्हणून मास्तरांनी शिवणाच्या डब्यातला कापडावर खुणा करायचा चपटा खडू दिला आणि समोर काळं कापड पसरलं. खडू चिमटीत बसला. हा हात आज खडू धरतो, उद्या अक्षर काढेल, आणि पहिलं अक्षर कशाबद्दल असेल हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री त्यांच्या मनात पाप आलं. अंगठ्याचा व्यायाम थोडा कमी केला तर? कुणाला कळणार होतं?

सकाळी जाऊन त्यांनी अंगठ्याचा व्यायाम पाच वेळा जास्त घेतला. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित तेवढंच एक काम त्यांना खोटं करता येत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी काकूंनी स्वतः खडू उचलला. कापडावर एक खूण केली. वाकडी, थरथरती, पण शेपूट लांब वर गेलेली. तिच्याखाली दुसरी. घामाने कपाळ भिजलं तरी त्या थांबल्या नाहीत. सात झाल्यावर खडू खाली ठेवला.

"अरे वा," मुलगा म्हणाला. "बघा सर, आईने किती छान काढल्यात."

काकू मुलाकडे बघतच नव्हत्या.

"त्या माझ्या आहेत," मास्तर म्हणाले. "पत्रकावरच्या. त्यांनी गोळीचं सांगितलं होतं, मीच लिहू दिलं नाही. सातही खुणा मी केल्या."

मुलाने कापड जवळ ओढलं. मास्तरांना वाटलं, आता हात उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं.

"तीन महिने," तो म्हणाला, "तीन महिने मी हिला काय काय बोललो." मग त्याने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. काकूंनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो केसांपर्यंत पोचला नाही, अर्ध्यातच खाली पडला.

मास्तरांनी बॅग उचलली. "मंडळाला आजच लिहून देतो," ते दारातून म्हणाले.

"उद्यापासून येऊ नका."

"नाही येत. पण तो हात सोडू नका. खांदा धरून, हळूहळू, सकाळी वीस वेळा. श्वास रोखू देऊ नका त्यांना."

दार लागलं. 'वीस वेळा' हे मुलाने ऐकलं की नाही कुणास ठाऊक, म्हणून मास्तर थोडा वेळ जिन्यातच उभे राहिले.