ताणावरचा बगीचा

डिसेंबरात नागपूरला निघालेल्या माणसाकडे महाराष्ट्र संशयाने पाहतो. एक तर तो अधिवेशनाला निघालेला असतो, नाही तर अधिवेशनावर निघालेल्या मोर्चाला. गाडीत समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी मला सरळच विचारले, "मागणी काय तुमची?" मी म्हटले, मागणी काही नाही, मातीच्या उत्सवाला बोलावले आहे. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि वरच्या बर्थवर जाऊन झोपले.

आमंत्रण प्रभाकरचे होते. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. पुढे तो इंजिनिअर झाला, निवृत्त झाला आणि आता एका लेआउटचा सल्लागार आहे. (लेआउट म्हणजे शेताचे तुकडे पाडून, मधून रस्ते काढून विकायला ठेवलेली जमीन. नागपुरात हा शब्द पत्ता सांगायला, लग्न जुळवायला आणि भांडायला सारखाच कामी येतो.) या लेआउटने मातीचा उत्सव ठरवला होता, आणि कोकणातला एखादा लिहिणारा माणूस मंचावर असावा, अशी प्रभाकरची कल्पना होती. "तुमची लाल माती, आमची काळी. काय सुंदर प्रतीक होईल!" तो फोनवर म्हणाला. मला आजवर बऱ्याच गोष्टी म्हणून बोलावले गेले आहे, प्रतीक म्हणून पहिल्यांदाच.

प्रताप नगरात त्याच्या घरी पोचलो तेव्हा वहिनींनी सोले-वांग्याची भाजी केली होती. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. राजापूरच्या माणसाला तूर डाळ होऊनच भेटते. तिचे कोवळेपण मी साठाव्या वर्षी पहिल्यांदा खाल्ले आणि तीनदा वाढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकरने मला कळमन्याच्या बाजारात नेले. संत्र्यांचे ढीग आणि त्यांच्याभोवती हातवारे करणारी माणसे. एका अडत्याने न विचारता एक संत्रे सोलून हातावर ठेवले. मी विचारले, ही सगळी नागपूरचीच का?

"नागपुरात आली म्हणून नागपूरची," तो म्हणाला. "तुमी बी आता नागपूरचेच."

"शहराजवळचे बगीचे?"

"शहराजवळ कुठी राह्यले बाप्पा बगीचे? तिथं आता लोकंच पिकून राह्यले."

रविवारी उत्सव होता. हुडकेश्वर मागे पडले, घरे विरळ झाली आणि फलक दाट झाले. लेआउटच्या नावात 'व्हॅली' हा शब्द होता. दरी मला कुठेच दिसली नाही. उलट मुरूम टाकून सगळी जमीन शेजारच्या शेतांपेक्षा कमरेएवढी उंच केलेली होती. कमानीवर टेम्पोएवढे फायबरचे संत्रे बसवले होते. आत हिरवेगार लॉन, त्यावर फवारे फिरत होते. माणसे बसायला आली तरी फवारे फिरतच होते. पहिल्या रांगेतल्या दोन बायका खुर्च्या मागे सरकवत सरकवत शेवटच्या रांगेत पोचल्या.

मंचावर गोणपाट गुंडाळलेले सोफे होते, साधेपणासाठी. मधोमध पितळी कलशात काळी माती. प्रमुख पाहुण्यांनी तिच्यात हात घातला, फोटोग्राफर म्हणाला, "सर, अजून एकदा," त्यांनी अजून एकदा घातला, आणि मागच्या मुलीने तत्परतेने ओला टिश्यू पुढे केला. मग आम्ही सर्वांनी उभे राहून मातीशी इमान राखण्याची शपथ घेतली. प्रत्येक पाहुण्याला भगव्या फितीची एक काचेची बाटली मिळाली. आत काळी माती, वर चिठ्ठी: 'काळ्या आईचा आशीर्वाद'.

यानंतर रामेश्वरजी नावाच्या गृहस्थांना 'भूमिपुत्र' म्हणून फेटा बांधण्यात आला. लेआउटच्या भिंतीपलीकडच्या संत्र्याच्या बगीच्याचे ते अर्धे मालक, असे निवेदिकेने सांगितले, आणि सगळ्यांनी माना वळवून भिंतीपलीकडे पाहिले. पाहायला नको होते. लॉनच्या हिरव्यापुढे तो बगीचा फारच केविलवाणा दिसत होता. पाने वळून नळी झालेली, झाडे मलूल, जमिनीला भेगा.

प्रमुख पाहुणे भाषण विसरले. "माझ्या डोळ्यांदेखत एक बगीचा तहानेने मरतो आहे," ते माइक धरून म्हणाले, "आणि आपण इथे फुले वाहतो आहोत! आजपासून या बगीच्याला रोज दोन टँकर पाणी. बहार येईपर्यंत! चालेल ना, रामेश्वरजी?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. रामेश्वरजी तेवढे वाजवत नव्हते. ते मांडीवरच्या शालीच्या दशा विंचरत बसले होते. मग मान न उचलताच त्यांनी ती हलवली.

लॉनसाठीचा टँकर उभाच होता. त्यावर 'बळीराजाला जलदान' असा कापडी फलक लागला, इतक्या थोड्या वेळात तो कुठून छापून आला, हे मी प्रभाकरला विचारले, तो म्हणाला, "तू फार बारीक बघतोस." टँकर निघाला. मागे फोटोग्राफर, प्रभाकर, रामेश्वरजी आणि मी.

भिंतीला वळसा घालून गाडी बगीच्याच्या धुऱ्यावर (बांधावर) चढली आणि थांबली. पुढे लांबलचक चर खणलेला होता, पार भिंतीच्या कडेकडेने. चरात एक बाई उभ्या होत्या. हातात फावडे, साडीचा काचा मारलेला, पाय पोटरीपर्यंत चिखलात.

"काय आणलं गा?" त्यांनी टँकरवाल्याला विचारले.

"पाणी हाय काकू. फुकटचं."

"कोणाले पायजे?"

प्रभाकर पुढे झाला. "ताई, झाडं वाळून चालली आहेत..."

"वाळून नाही राह्यले. मी वाळवून राह्यली."

प्रभाकरने माझ्याकडे पाहिले. मी झाडाकडे पाहिले.

या बेबीताई, बगीच्याच्या उरलेल्या अर्ध्याच्या मालकीण आणि रामेश्वरजींच्या थोरल्या वहिनी. त्यांनी चरातून वर न येताच जे सांगितले, ते कोणत्याच वक्त्याच्या टिपणात नव्हते. संत्र्याला थंडीत मुद्दाम उपाशी ठेवतात. पाणी तोडतात, झाड तहानेने कोमेजू देतात. याला ताण देणे म्हणतात. पुरता ताण बसला की मग पाणी सोडायचे, आणि घाबरलेले झाड फुलांनी लगडते. मध्येच पाणी मिळाले तर ते निवांत होते. मग नुसती नवती (कोवळी पालवी) फुटते. फूल नाही, फळ नाही.

"दोन साल झाले, एक फूल नाही," बेबीताई म्हणाल्या. "काहून? हे पाहा." त्यांनी फावड्याने चराच्या तळाकडे दाखवले. भिंतीखालून पाणी झिरपत होते. त्यावर साबणाचा फेस होता आणि वास आंघोळीचा नव्हता. "तुमचे फवारे, तुमचे नळ, तुमच्या संडासाचे टाके, सारं मायाच इकडं येऊन राह्यलं. रातदिवस. पहिले माया शेतातलं पाणी तुमच्या इकडं उतरे, आता तुमी उंच झाले. झाडाले तहानच लागत नाही, त ते फूल कायले देईन?"

म्हणून चर. स्वतःच्या जमिनीची एक पट्टी खर्ची घालून त्यांनी परक्यांचे पाणी अडवून नाल्याला काढून दिले होते. दुष्काळाशी लढणारी माणसे मी पाहिली आहेत. दुष्काळ मिळावा म्हणून लढणारी ही पहिलीच.

"पण तुमच्या दिरांनी सगळ्यांसमोर होकार दिला आहे," प्रभाकर म्हणाला.

आता सगळे रामेश्वरजींकडे पाहू लागले. फेट्याचा तुरा वाऱ्याने हलत होता, बाकी काही हलत नव्हते.

"देल्ला असन," बेबीताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, बहुधा मीच तिथे सर्वांत निरुपयोगी दिसत असेन. "तुमी पाव्हणे ना? मंग आयका. आमची बोली झाली हाये. यंदा फूल आलं त बगीचा राहीन. नाही आलं त भाऊजी म्हणतीन त्या भावानं या भिंतवाल्याले देऊन टाकू. मी सही करीन. आडवी नाही येत मी."

त्या चरातून वर आल्या. टँकरचा जाडजूड पाइप टँकरवाल्याच्या हातातून काढून घेतला आणि दिरापुढे धरला.

"घ्या. पण याच्या हातानं नाही. तुमच्या हातानं सोडा, भाऊजी. झाडं तुमी दोघा भावांनी लावले. लगन होऊन आली तवा मले दया आली, त मी चोरून हंडाभर पाणी टाकलं होतं त्या विहिरीजवळच्या झाडाले. कोण बोंबललं होतं मायावर? साऱ्या गावानं आयकलं होतं. तवा तुमाले मिसरूड नव्हतं. आता फेटा हाये. सोडा."

रामेश्वरजींनी पाइप हातात घेतला. टँकरवाला चावीवर हात ठेवून थांबला. त्या बगीच्यात तेव्हा एक पान पडले असते तरी ऐकू आले असते, आणि पाने तर पडायलाच आली होती.

"सर, थोडं इकडे," फोटोग्राफर म्हणाला. "जरा स्माइल."

"चूप बस बे," रामेश्वरजी म्हणाले.

त्यांनी पाइप खाली टाकला. वहिनीकडे न पाहताच टँकरवाल्याला म्हणाले, "वापस घे गा गाडी."

"मंग हे पाणी कुठं टाकू?"

"लॉनवर टाक," प्रभाकर म्हणाला.

"लॉनवर टाकशीन त इथंच येईन ना ते, बयताडा!" बेबीताई ओरडल्या. तो शब्द टँकरवाल्याला होता, निदान प्रभाकरने तसे धरले.

अखेर भरलेला टँकर कमानीखाली जाऊन उभा राहिला. पाणी ओतायला जागा नाही, मागे घ्यायला वाट नाही. प्रमुख पाहुण्यांची गाडी त्याच्या पलीकडे अडकली. 'बळीराजाला जलदान' हा फलक त्यांच्या काचेसमोर बराच वेळ फडफडत राहिला.

मंचावर परतलो तेव्हा निवेदिका वेळ भरून काढत होती. लाल आणि काळ्या मातीच्या नात्यावर दोन शब्द बोला, असे तिने मला म्हटले. मी तीन बोललो: "फवारे बंद करा." माइक आधी बंद झाला. फवारे चालूच होते.

दुपारी मी एकटाच पुन्हा धुऱ्यावर गेलो. बेबीताईंनी चहा दिला आणि मीठ घालून वाफवलेल्या तुरीच्या शेंगा. रामेश्वरजी फेटा सोडून मांडीवर घेऊन बसले होते.

"बोली तशीच हाये, वयनी," ते म्हणाले. "फूल नाही आलं त..."

"मालूम हाये. शेंगा खा."

माझ्या हातातली बाटली पाहून बेबीताई हसल्या. "हे मायीच होय. परवा भिंतवाल्याचे पोट्टे घमेलं घेऊन आले होते. म्हणे, काकू, काळी माती द्या, आमच्या इकडं सारा मुरूम हाये. चरातली देल्ली काढून."

मातीच्या उत्सवाला माती नव्हती. मी बाटली परत देऊ लागलो. त्या म्हणाल्या, "राहू द्या. सारं इकडंच येऊन राह्यलं, तेवढीच त एक गेली इथून, ते बी पाव्हण्यासोबत."

परतीच्या गाडीत मागणी विचारणारे कुणी भेटले नाही. या वेळी मला उत्तर देता आले असते. काळ्या आईला शपथा, कलश आणि टँकर देणारे हात पुष्कळ आहेत. बेबीताईंची मागणी त्याहून लहान आणि त्याहून अवघड आहे: तुमचे तुमच्याकडे ठेवा. दया दाखवणाऱ्याला 'नको' म्हणणे हे लुटणाऱ्याला 'नको' म्हणण्यापेक्षा कठीण असते, कारण लुटणारा निदान फोटोसाठी हसायला सांगत नाही. उत्सवाच्या स्मरणिकेसाठी प्रभाकरने दोन पाने मागितली आहेत. त्याला हेच पाठवणार आहे.

घरी बाटली मी टेबलावर झाकण काढून ठेवली. महिन्याभरात माती सुकून काचेपासून सुटली, मधोमध चीर पडली. बायको तांब्या घेऊन आली. "अगदीच भेगाळली हो ही," म्हणाली. मी तिचा हात धरला. "राहू दे. ताणावर आहे."

फेब्रुवारीत फोन आला. मागे कुठेतरी फावड्याचा आवाज येत होता.

"आलं फूल," बेबीताई म्हणाल्या. "भिंतीजवळच्या दोन ओळी कोऱ्या हाये. त्या भिंतवाल्याच्या पाण्यानं खाल्ल्या. बाकी पांढराफट झाला बगीचा."

"रामेश्वरजी काय म्हणतात?"

"काय म्हणतीन? त्या दोन ओळींसाठी सकाऊनपासून चर खोदून राह्यले. मायापेक्षा खोल."

मी तांब्या घेतला आणि बाटलीत झाकणभर पाणी ओतले.