बारीक धार

आमच्या गोरेगावात बोअरचं पाणी क्षाराचं. स्वयंपाकघरातल्या बेसिनच्या नळाच्या तोंडाची जाळी सारखी बुजते आणि धार बारीक होते. मग आम्ही नेहमीच्या नळवाल्याला बोलावतो. तो जाळी लिंबाच्या रसात भिजवतो, टाचणीनं एकेक भोक मोकळं करतो. धार नीट आली तरी निघत नाही. बेसिनमधली खरकटी भांडी घासायला घेतो. दर वेळी.

परवा मी अडवलंच. "राहू द्या भाऊ, मी घासते."

"घासू द्या वहिनी," हात न थांबवता तो म्हणाला. "घरचा नळ असाच बारीक चालायचा. बायको रोज सांगायची, मी रोज 'उद्या करतो' म्हणायचो. आता धार बराबर हाय. घासायला ताट मात्र माझं एकट्याचंच."