दिराची हमी

चिचगडच्या फुलवंता मडावीने २००६ साली देवरीच्या कोर्टात ज्या माणसाची हमी घेतली, त्यानेच तिच्या नवऱ्याचा हात मोडला होता.

तो तिचा दीर, आसाराम. ती लग्न होऊन आली तेव्हा सहा वर्षांचा. वर्षभरात सासू वारली. जातीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, "आता याची माय तूच." तिने वाढवला. मोठा झाल्यावर तो मोहाच्या दारूला लागला, आणि एका सकाळी धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, पाणी सोडण्यावरून दोघा भावांत जुंपली तेव्हा त्याने थोरल्या भावावर, सेवकरामवर, काठी घातली.

कोर्टात फुलवंताने पाहिलं तसं सांगितलं. आसारामने गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा होता. न्यायाधीश म्हणाले, तुरुंगाऐवजी दोन वर्षांच्या चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडता येईल, पण हमी घेणारं माणूस हवं. सोबत आलेल्या, दोघा भावांच्या चुलत्याने मान खाली घातली. सेवकराम उठून बाहेर गेला. फुलवंता उभी राहिली.

"साक्ष तुम्हीच दिलीत ना, बाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

"देली साहेब. ते खरं होतं. आन् हा माह्या हातचा वाढला, ते बी खरं हाय."

दारू बंद, तालुका सोडायचा नाही, प्रोबेशन अधिकारी दर महिन्याला येऊन बघणार, अशा अटी होत्या. सेवकराम महिनाभर बायकोशी बोलला नाही. दोघे भाऊ एकाच अंगणात, एकमेकांकडे न बघता वावरत. सरपणाची कुऱ्हाड फुलवंता स्वतःच्या खाटेखाली ठेवू लागली.

आठ महिने निभले. मग मोहफुलांच्या दिवसांत आसाराम तीन दिवस घरी आलाच नाही. चौथ्या सकाळी अधिकारी बिसेन साहेबांची मोटारसायकल दारात थांबली.

चुलता कानाशी कुजबुजला, "सांग, मोह वेचाले गेला म्हनून."

सेवकराम ओट्यावरून म्हणाला, "काऊन लपवतं? जाऊ दे जेलात!"

फुलवंता मोटारसायकलपाशी गेली. "साहेब, तीन दिवसांपासून घरी नाही. पिऊन पडला असन. लिवा तुमी. पन सांजपर्यंत थांबा, मी आनतो त्याले."

"कोर्टाला कळवावं लागेल, बाई."

"कळवा."

तो नाल्याकाठच्या दारूच्या भट्टीवर सापडला. तिने साहेबांना काय सांगितलं ते ऐकताच धडपडत उठला आणि त्याने मूठ उगारली. "माय म्हनतं सोताले, आन् मलेच फसवतं?"

ती हलली नाही. "मार. भावाचा हात मोडला, आता माहा मोड. मंग चाल."

कितीतरी वेळ मूठ तशीच वर होती. मग तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. परतीच्या वाटेवर तो तिच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालत होता. बिसेन साहेब सांजेपर्यंत थांबले होते.

कोर्टाची नोटीस आली. साहेबांनी अहवालात लिहिलं होतं, आरोपी चुकला, पण हमीदार खोटं बोलत नाही. न्यायाधीशांनी कडक ताकीद दिली, पुन्हा असं झालं तर थेट शिक्षा, आणि बंधपत्र कायम ठेवलं. उरलेले महिने तिने रोज दिवेलागणीला आसारामला ओट्यावर बसलेला बघितल्याशिवाय चूल पेटवली नाही.

२००८ मध्ये मुदत संपली. भाऊ आजही फारसे बोलत नाहीत. पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत आसाराम आधी सेवकरामच्या बांधीत चिखल करतो, मग आपल्या.