चढावर पास झालेली मोटार

"मोटार घेताना तुम्ही तिला चढावर नेऊन पाहिलंत. मग उतारावर का नाही नेलीत?"

हा प्रश्न मी आमच्या कापसाच्या जिनाचे मालक नानाशेठ यांना तीनदा विचारला. त्यांचे भागीदार आबा यांना दोनदा. उत्तर कुणी दिलं नाही. चहा मात्र दर वेळी दिला!

जिनात काम केलं की किस्से साचतातच. रुईच्या गाठी बांधून मुंबईला जातात आणि सरकीचा ढीग मागं राहतो, तसं. माझ्याकडं ढीगच आहे. त्यातले मोटारीचे तेवढे सांगतो. मोटार चालवायचा माझा थोरला भाऊ. त्याला अख्खं जिन भाऊ म्हणायचं, मीही भाऊच म्हणायचो. मागच्या पोळ्यापर्यंत तो होता.

*

जळगावात मोटारी मोजक्याच होत्या. नानाशेठना वाटलं, आपली एक पाहिजे. बैठक बसली.

नानाशेठ म्हणाले, "चालवताना मजा आली पाहिजे. धुळ्याच्या बाजारात शिरलो की माणसांनी वळून बघायला पाहिजे!"

चालवणार भाऊ, मजा शेठना!

आबा सावध माणूस. ते म्हणाले, "मजा ऱ्हाऊ द्या. धुळ्याहून जित्ते परत येऊ, अशी पाहिजे."

"म्हणजे कशी?"

आबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "हॉर्न मोठा पाहिजे. समोरचा बाजूला झाला, की आपण सुरक्षित!"

भाऊ कोपऱ्यात उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही. तो नुसता ड्रायव्हर!

*

मुंबईहून एजंट मोटार घेऊन आला. डोक्याला हॅट, हातात पांढरे मोजे.

आबांनी आयुष्यभर बैल पारखलेले. त्यांनी मोटारीला दोन फेऱ्या घातल्या. मागून पाहिली, पुढून पाहिली. बॉनेटवर थाप मारली. वाकून दिव्यांच्या मध्ये नीट निरखलं.

एजंटनं विचारलं, "काय शोधताय?"

"भोवरा. कपाळावर वाईट भोवरा असला तर जनावर मालकाला खातं."

एजंट जुना खेळाडू. तो म्हणाला, "आमच्या कंपनीत भोवऱ्याचा माल बाहेरच काढत नाहीत!"

आबा खूश. अर्धी पसंती तिथंच झाली.

*

उरलेली अर्धी चढावर. बैल घेताना भरलेली गाडी जुंपून चढावर घालतात, ओढला की पास. तशीच मोटारीची परीक्षा. मागच्या सीटवर सरकीची चार पोती, त्यांच्यावर दोन हमाल, पुढं भाऊ. गावाबाहेरच्या टेकडीवर मोटार घोंघावत चढली. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊ वरून ओरडला, "शेठ, आता उतरताना ब्रेक कसा लागतो ते बघू का?"

आबा खालून ओरडले, "थांबाले काय लागस? बैल दमना की थांबसच!"

एजंटनं मान डोलावली. "अगदी बरोबर बोलतात आबा!"

पोती वरच उतरवली. भाऊनं मोटार रिकामी, हळूहळू खाली आणली. तोवर पेढे वाटून झाले होते.

*

भाऊची मजा वेगळीच होती. आबांना मोटारीत बसलं की झोप लागायची. भाऊ गिअर असा बदलायचा, की आबांची मान हलायची नाही. जळगावहून निघून पारोळ्यापर्यंत आबा जागे झाले नाहीत, की त्या दिवशी स्वारी खुशीत! घरी येऊन मला सांगायचा, "आज घोरत होते रे!"

मला चालवायला शिकवलं तेही असंच. मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन शेजारी बसायचा. सांडलं की म्हणायचा, "आबा उठले! पुन्हा कर."

*

एकदा असोद्याच्या लग्नाला निघालो होतो. मी मागं बसलो होतो. भाऊ प्रत्येक उतारावर मोटार रांगवत होता.

नानाशेठ वैतागले. "अरे, मोटारीत बसलोय की बैलगाडीत?"

भाऊ म्हणाला, "बैलगाडी असती तर पळवली असती शेठ. बैलाला स्वतःच्या जिवाची भीती असते."

शेठ हसले. लग्नात चार जणांना हे वाक्य सांगितलं. स्वतःचं म्हणून!

*

वर्षभरात ब्रेक पार गेला. जिनाचे रहीमचाचा मिस्त्री चाकं उघडून ब्रेकचे झिजलेले पट्टे शेठना दाखवायला घेऊन आले. "शेठ, पट्टे घिस गये. नये मंगवाओ. जिन के पट्टे का चमडा लगाके कब तक चलाऊं?"

नानाशेठनी मुंबईला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी पार्सल आलं. रहीमचाचांनी खोललं.

आत नवा हॉर्न!

"ह्याचा आवाज कोसभर जातो," शेठ म्हणाले. "समोर कुणी उरणारच नाही. मग ब्रेक कशाला लागतो?"

रहीमचाचांनी हॉर्न बसवला. भाऊकडं न बघता बसवला.

*

धुळ्याहून शेठ आणि आबा रेल्वेनं परतले. मोटार भाऊनं एकट्यानं आणायची होती. गिरणेच्या उतारावर ब्रेकचं चामडं तुटलं. खाली नदीवरून बायका धुणं घेऊन वर येत होत्या. भाऊनं कोसभर ऐकू जाणारा हॉर्न वाजवला. बायका घाबरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. हॉर्न ऐकून दुसरं काय करतील?

भाऊनं मोटार खडकावर घातली.

भेटायला नानाशेठ आले. आईसमोर बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "मोटार गुणाची होती हो. चढावर कधी रडली नाही."

मी उठून बाहेर गेलो, कारण हाताशी पाटा-वरवंटा होता.

*

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी निरोप आला. नवी मोटार बघायची आहे, चालवायला तू ये. एजंट तोच. हॅट नवी.

आबांनी दोन फेऱ्या घातल्या. थाप मारली. दिव्यांच्या मध्ये निरखलं. मला वाटलं, आता तरी कुणीतरी खाली वाकून चाकं बघेल. कुणी वाकलं नाही. सरकीची पोती आली.

मी पोती खाली टाकली. म्हणालो, "शेठ, आबा, तुम्ही बसा."

"आम्ही कशाला?"

"पोत्याला मजा कळत नाही."

बसले दोघं. एजंटही बसला. मोटार चढली, छान चढली. वर नानाशेठ म्हणाले, "पास! घेतली!"

मी मोटार वळवली आणि तोंड उताराकडं करून उभी केली. एजंट लगेच खाली उतरला. "मी इथं सावलीत थांबतो," म्हणाला. तिथं सावली नव्हती.

आबांनी दाराला हात घातला. मी म्हणालो, "बसा आबा. माझा भाऊ रोज बसायचा."

आबांनी हात काढून घेतला.

मी मोटार सोडली. पहिल्यांदा नानाशेठ "हळू" म्हणाले. मग "अरे हळू!" म्हणाले. मग देवांची नावं घ्यायला लागले. आबा टक्क जागे होते. अर्ध्या उतारावर मी दोन्ही पाय ब्रेकवर दाबले.

शेठची टोपी बॉनेटवर जाऊन पडली. आबा सीटवरून खाली बसले. धूळ आमच्या पुढं निघून गेली. मोटार जागच्या जागी उभी.

मी हँडब्रेक ओढला, खाली उतरलो आणि गावाच्या वाटेला लागलो.

मागून नानाशेठ ओरडले, "अरे, आम्हाला खाली कोण नेणार?"

मी परत आलो. रस्त्याकडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला, पुढच्या चाकाला लावला, पायानं ठोकून घट्ट बसवला आणि चालायला लागलो.