पंक म्हणजे चिखल

माझं नाक संशयी आहे, असं माय म्हणायची. ते खोटं नव्हतं. आमच्या घराला लागून चुलत्याचं घर होतं आणि चुलता दारूत गेला. तो जायच्या आधीची काही वर्षं काकूच्या घरात सकाळीच जो वास भरलेला असायचा, तो मी परकरात होते तेव्हाच ओळखायला शिकले. लवंग चघळा, बडीशेप खा, पान खा, तो वास खालून वर येतोच. काकूनं मला एकदा जवळ बसवून सांगितलं होतं, "बाई, जमीन मंग बघ, घर मंग बघ. आधी माणसाचा वास बघ." एवढं एकच शहाणपण मला घरातून आयतं मिळालं.

म्हणून माझा धाकटा भाऊ जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला लागला, तेव्हा सुट्टीला आल्यावर त्याचे शर्ट मी धुण्याआधी हुंगायचे. नव्वदीच्या शेवटाची गोष्ट आहे ही. शर्टाला बियाण्याला लावतात त्या औषधाचा वास यायचा, घामाचा यायचा. दारूचा कधी आला नाही. पण माझं समाधान होत नव्हतं, कारण त्याच्या पिशवीत आता भलत्याच कॅसेटी निघायला लागल्या होत्या.

एकीवर कवटी. दुसरीवर एक गोरा पोरगा, डोक्याच्या दोन्ही बाजू साफ, मधे कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केस आणि कानात चक्क सेफ्टी पिन. मायनं ती कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "याच्या घरी कानातलं घ्यायची ऐपत न्हाई का?"

गाणी दोन जातींची होती. एका जातीत माणूस गातच नसे, नुसता भराभरा बोलत सुटायचा, बांधावरून भांडण लागल्यासारखा. त्याला रॅप म्हणतात, असं भावानं सांगितलं. दुसऱ्या जातीत गिटार करवतीसारखी चालायची आणि तिच्यावर कुणीतरी नरडं फाडून ओरडायचा. ते पंक. भाऊ दहावी नापास. इंग्रजी त्याला माझ्याएवढंच यायचं, म्हणजे बिलकुल नाही.

"मंग ऐकतो काय त्यात?" मी विचारलं.

"अक्का, आमची चाळणीची मशीन दिसभर खडखडून राह्यती," तो म्हणाला. "तिच्यात आपलं कोणतंच गाणं डोक्यात टिकत न्हाई. हे टिकतं. मशीन तबला वाजवती अन् हे त्याच्यावर बसतं."

मला ते पटलं नाही. माणूस गर्दची नशा करायला लागला की असंच गोड काहीतरी सांगत असेल, असं मला वाटलं. मी त्याचे दंड पाहिले, डोळे पाहिले. तो हसायचा आणि शर्ट काढून माझ्या अंगावर फेकायचा, "घे, हुंग."

गाव मात्र हसत नव्हतं. हा शेतात जाताना ओठ हलवत जायचा, ते भराभरा बोलणं मनातल्या मनात म्हणत. लोकांना आवाज यायचा नाही, नुसते ओठ दिसायचे. आमच्याकडं माणूस एकटाच पुटपुटत बांधावरून चालला की पहिला शब्द आठवतो तो भानामती. शेजारच्या आजीनं तर तो समोरून आला की नातवाला पदराखाली घ्यायला सुरुवात केली. राहिलेलं काम गुरुजींनी केलं. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, रोजचं वर्तमानपत्र वाचून त्याचा अर्थ गावाला सांगायचं कंत्राट त्यांच्याकडं होतं. त्यांनी वाचलं होतं की असली गाणी ऐकणारी पोरं गर्द घेतात, हातावर ब्लेड मारून घेतात, बापावर हात उचलतात. वर त्यांनी शब्दही फोडून दाखवला.

"पंक म्हणजे काय? पंक म्हणजे चिखल," ते पारावर म्हणाले. "पंकज म्हणजे चिखलात उगवलेलं. नावातच सगळं लिहिलंय. आता चिखलात लोळणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?"

इंग्रजी शब्दाला संस्कृतचा अर्थ चिकटवला आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. उलट मला वाटलं, बघा, शिकलेला माणूस कसा बराबर मुळाशी जातो.

त्याच दिवसांत मामानं माझ्यासाठी हसनाबादकडचं स्थळ आणलं. मुलगा एकुलता, घरची बागायत, भजनात पेटी वाजवणारा, केसांना तेल लावून एका बाजूनं भांग. त्याच्या गावात त्याचं नाव काढलं की माणसं म्हणायची, गाय आहे गाय. माझ्या बरोबरीच्या पोरी एकेका लेकराच्या आया झाल्या होत्या आणि माझी आधीची दोन स्थळं बोलण्यातच विरली होती. हे जमलंच पाहिजे, असं घरात सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. मीही धरलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी भाऊ जालन्याहून आला तो डोक्यावर तुरा घेऊन. अगदी त्या कॅसेटवरच्या पोरासारखा. अण्णांनी, म्हणजे माझ्या बापानं, ते पाहून ताट सरकवलं. मायनं तोंडाला पदर लावला. मीच त्याला सकाळी उठवून दाराबाहेर काढलं, "राजूरला जा अन् न्हाव्याकडून हे नीट करून घे. पाव्हणे यायच्या आत ये."

राजूरच्या न्हाव्यानं डोकं पाहिलं आणि म्हणाला, दोन्हीकडून आधीच काढलेलं आहे, आता नीट करायला शिल्लक काय? जे उभं आहे तेही काढतो. आणि त्यानं सगळं काढलं. गुळगुळीत.

भाऊ फाट्यावरून चालत गावात शिरला, तेव्हा पाव्हण्यांची जीप त्याच्या मागंच होती. आमच्याकडं पोरगा डोकं भादरून, मान खाली घालून घराकडं चालला की त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. माय किंवा बाप गेला. पाव्हण्यांनी पारावर विचारलं, हा कुणाचा? पारावरच्यांनी आमचं घर सांगितलं. जीप तिथंच थांबली. सुतकाच्या घरी पोरगी पाहायला कोण जाईल?

इकडं आमच्या दारात शेजारच्या आजीनं ते डोकं लांबूनच पाहून आधीच गळा काढला होता. "काल तं चांगले व्हते वं माय," म्हणत ती अंगणात आली आणि समोर अण्णा चहाचा पेला घेऊन उभे.

"कोण गेलं?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हीच की," आजी म्हणाली.

तेवढ्यात भाऊ आत आला. अण्णांनी त्याचं डोकं पाहिलं, आजीकडं पाहिलं, आणि पेला ओट्यावर ठेवला. आवाज चढवला नाही. "मी अजून जिता हाय ना रं?" एवढंच म्हणाले. त्याला डोकं नीट करायला धाडलं होतं आणि त्यानं ते केलं होतं.

मामा मात्र जल्दी डोक्याचा माणूस. तो धावत जीपकडं गेला आणि हात जोडून सांगितलं, "चला चला, सगळे खुशाल हायेत. भाचा बालाजीला गेल्ता. बहिणीची सोयरीक जमावी म्हणून केस दिले त्यानं."

झालं. मेलेल्या घरावर एकदम पुण्य चढलं. पाव्हणे आले, हातपाय धुतले, टोप्या नीट करून बैठकीत बसले. मुलाच्या काकांनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, आजकाल बहिणीसाठी कोण एवढं करतं? मी दाराआडून पाहत होते. भाऊ खाली सतरंजीकडं बघत बसला होता.

मी पोहे घेऊन गेले, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, आत आले. नवरदेवानं मान वर करून नीट पाहिलंही नाही, मला ते आवडलं होतं. मामानं बाहेर सुपारीचं काढलं. आजच फोडून घेऊ, दिवस चांगला आहे. अण्णा हो म्हणाले.

तेव्हा मायनं पाव्हण्यांनी वापरलेले टॉवेल आत आणून माझ्याकडं दिले, दोरीवर टाक म्हणून. एक नवरदेवासाठी वेगळा काढलेला, नवा. सवय म्हणजे सवय. मी तो दोरीवर टाकायच्या आधी नाकाला लावला.

वर लवंग होती. खाली काकूचं घर होतं.

सकाळचे अकरासुद्धा वाजले नव्हते. मी मायला हाताला धरून मोरीपाशी नेलं आणि सांगितलं. मायनं टॉवेल हातातही घेतला नाही. "पोटाचं औषध घेतलं असंल. तुझं नाकच मेलं संशयी. आता काही बोलू नको, सुपारी काढली त्यांनी."

मी अण्णांना बोलवा म्हटलं. माय म्हणाली, "काय सांगशील बापाला? टॉवेल हुंगला म्हणून सोयरीक मोडा? पोरीनं पाव्हण्याला नाकारलं असं गावात झालं तर तुझ्याकडं मंग कोण येईल?" ते बराबर होतं. आमच्याकडं पोराकडच्यांनी मोडलं तर पोरीचं नशीब, आणि पोरीनं मोडलं तर पोरीतच काहीतरी. मला रडू आलं, पण त्याच्यापेक्षा राग जास्त आला.

भाऊ पाण्याचा तांब्या भरायला आत आला. मी टॉवेल त्याच्या तोंडापुढं धरला. "हुंग."

त्यानं हुंगला. माझ्याकडं पाहिलं. मग तांब्या तिथंच ठेवला, आतल्या खोलीतून टेप उचलला आणि बैठकीत गेला.

मी दारात येऊन उभी राहिले. मामाच्या हातात अडकित्ता होता. भावानं टेप मधोमध ठेवला, कॅसेट घातली आणि बटण दाबलं. सगळी बैठक दचकली. ती करवत सुरू झाली, तो नरडं फाडणारा सुरू झाला. भाऊ शांत आवाजात म्हणाला, "मामा, मी बालाजीला गेलो नव्हतो. या गाण्यावाल्यांसारखे केस ठेवल्ते मी. ते काढले आज."

मुलाच्या काकांनी विचारलं, "हे तेच का? पेपरात येतं ते?"

"तेच. रोज ऐकतो."

"असली पोरं गर्द घेतात म्हणतात. तू घेतो का?"

तो हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. नुसता त्यांच्याकडं बघत राहिला, जोवर ते उठून उभे राहिले नाहीत. त्यांच्यामागं भजनात पेटी वाजवणारा उठला. त्याचा तोल किंचित गेला, की मला तसं वाटलं, आजही सांगता येणार नाही.

जीप गेल्यावर अण्णांनी टेप उचलून अंगणात आपटला. "जित्या बापाचं सुतक केलंस," ते म्हणाले, "आता मेलोच समज." मामा आमच्या घरी पुढं वर्षभर फिरकला नाही. गुरुजींना काही बोलायचीसुद्धा गरज पडली नाही, ते नुसते मान हलवत पारावर बसले. गावानं निकाल दिला, कॅसेटनं सोयरीक मोडली. बिचारी पोरगी.

मी भावाला म्हणाले, मी सगळ्यांना खरं सांगते. तो टेपचे तुकडे गोळा करत होता. "गप ऱ्हा, अक्का. तुझं नाव खराब व्हईल. गाण्याचं तं तसंबी झालेलंच हाय."

दिवाळीनंतर मी अण्णांना एकटं गाठून सांगितलं. ते तंबाखू मळत होते. "मंग मला का न्हाई सांगितलं त्यानं?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

त्या रविवारी जेवताना त्यांनी भावाला स्वतःहून भाकरी वाढली.

त्या नवरदेवाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. सुखात असला तर चांगलंच आहे. माझं नाक चुकलंही असेल. पण काकूच्या घरात वाकून पाहिल्यावर मला ती परीक्षा लग्न करून घ्यायची नव्हती. माझं पुढच्या वर्षी जमलं, साध्या माणसाशी. त्याच्या अंगाला गुरांचा वास येतो.

किंमत भावानं दिली. त्याचं लग्नाचं वय झालं तेव्हा स्थळं यायची आणि फिरायची. "तोच का, बाप जिता असताना डोकं भादरलेला? गर्दवाला?" केस कधीचे वाढले होते, त्या कॅसेटी झिजून गेल्या होत्या, तरी गावोगाव ते आधी पोचलेलं असायचं. बाजूच्या तालुक्यातली एक पोरगी पाहायला निघालो, तेव्हा मी जीपमध्ये ठरवूनच बसले होते की आज बोलायचं. माझं लग्न झालंय, आता माझ्या नावाला काय होणार आहे?

आम्ही हातपाय धुतले, बसलो. पोरीच्या बापानं गाण्याचंच काढलं. ऐकलं ते खरं का? भाऊ म्हणाला, गाण्याचं खरं आहे, अजून ऐकतो. बापाच्या कपाळाला आठी पडली. मी पदर सावरला आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात माझं लक्ष आतल्या दाराकडं गेलं. पोरगी पाठमोरी उभी होती, दोरीपाशी. तिच्या हातात भावानं तोंड पुसलेला टॉवेल होता. तिनं इकडंतिकडं पाहिलं, टॉवेल नाकाला लावला, चांगला दोन्ही बाजूंनी हुंगला आणि मग झटकून दोरीवर वाळत घातला.

मी तोंड मिटलं आणि चहा प्याले.